इसार देण्यापूर्वी घर तपासा



दसरा जवळ आला. पाऊस ओसरत आहे आणि खरिपाचे पीक घरात येण्याच्या बेतात आहे. याच दिवसांत घराचे व्यवहार पुष्कळ होतात. कुणाची मुले तालुक्याच्या शाळेत जातात म्हणून तेथे घर हवे असते. कुणाकडे भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात. कुणाची जमीन रस्त्यात किंवा धरणात गेलेली असते आणि मोबदल्याची रक्कम हातात असते. मुहूर्त साधायचा म्हणून घाईने इसार दिला जातो, आणि घर नीट पाहायचे राहून जाते.

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "जुने घर घेण्यापूर्वी इंजिनिअरकडून तपासून घ्या असे लोक सांगतात. तो येऊन नेमके काय पाहतो? त्याच्या फीचे पैसे वाया तर जात नाहीत ना?" प्रश्न मोलाचा आहे, म्हणून आजचे सदर त्यासाठीच ठेवले आहे.

आपण बैल घेतो तेव्हा दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. एवढे करून गावातल्या जाणत्या माणसाला सोबत नेतो. घराला मात्र बाहेरून लावलेला रंग, समोरचा रस्ता आणि भाव एवढेच पाहून हो म्हणतो. बैल दहा-बारा वर्षे काम देतो. घरात दोन पिढ्या काढायच्या असतात आणि त्यासाठी आयुष्याची पुंजी ओतायची असते.

माझी पदवी शेतीची, इमारतीची नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्यास एक कारण आहे. घर खराब करणाऱ्या गोष्टींत तीन मोठ्या आहेत : काळी माती, पाणी आणि वाळवी. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. म्हणून शेतकऱ्याने मनावर घेतले तर घराची अर्धी तपासणी तो स्वतः करू शकतो. उरलेली अर्धी जाणकाराकडून करून घ्यावी.

तपासणी म्हणजे काय आणि काय नव्हे

अमेरिकेसारख्या देशांत घर तपासून देणे हा स्वतंत्र धंदा आहे. आपल्याकडे हे काम स्थापत्य अभियंता करतो. तालुक्याच्या गावी खाजगी काम करणारे असे अभियंते असतात. तो सोबत टॉर्च, ओळंबा, पाणसळ, टेप, लहान हातोडी आणि विजेचा टेस्टर आणतो. पायापासून छपरापर्यंत घर फिरून पाहतो. साध्या घराला दोन-तीन तास सहज लागतात. कुणी पंधरा मिनिटांत उंबऱ्यातून आत-बाहेर करून "घर चांगले आहे" असे म्हणाला, तर ती तपासणी झाली नाही असे समजावे.

तपासणी ही डोळ्यांनी व हातांनी करायची असते. मालकाच्या संमतीशिवाय गिलावा फोडता येत नाही की पाया उकरता येत नाही. म्हणून भिंतीच्या पोटात दडलेला प्रत्येक दोष सापडेलच असे नाही. अभियंता हमीपत्र देत नाही. आज जे दिसते ते काय आहे, कशामुळे आहे आणि दुरुस्त करायला साधारण किती खर्च येईल, एवढे तो सांगतो. घर कुणाच्या मालकीचे आहे हे पाहणे त्याचे काम नव्हे, ते वकिलाचे.

आणखी एक गैरसमज आहे. बँकेचे कर्ज घेतले की बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घर पाहून जातो. मग आपण म्हणतो, "बँकेने पाहिले, आता काळजी नाही." परंतु बँकेला मुख्यतः एवढेच हवे असते की कर्ज बुडाले तर घराचे किती पैसे येतील. छप्पर कुठे गळते याचा शोध तो माणूस तुमच्यासाठी घेत नाही. मूल्यांकन वेगळे आणि तपासणी वेगळी.

तपासणारा माणूस आपला असावा. दलालाने आणलेला नको, विकणाऱ्याचा पाहुणा नको. ज्या गवंड्याला पुढे दुरुस्तीचे काम मिळणार आहे, त्याच्या एकट्याच्या शब्दावरही विसंबू नये. अभियंता मिळणे अगदीच अशक्य असेल, तर दुसऱ्या गावचा जुना, अनुभवी गवंडी न्यावा आणि काम त्याला देणार नाही हे आधीच सांगावे. फी अगोदर ठरवावी आणि अहवाल लेखी मिळेल ना, हे विचारून घ्यावे.

केव्हा तपासावे

इसार देण्यापूर्वी तपासावे. इसार दिल्यावर दोष सापडला तर आपली गोची होते. व्यवहार मोडावा तर इसार बुडण्याची भीती, पुढे रेटावा तर दोष पदरी. मालक थांबायला तयार नसेल, तर इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि इसारपावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे की तपासणीत मोठा दोष आढळल्यास इसार परत मिळेल.

घर नेहमी दिवसा पाहावे आणि शक्य असेल तर दोनदा पाहावे. आता पाऊस संपत आला आहे, म्हणून गळती व ओल आज जशी दिसेल तशी पुन्हा सहा महिने दिसणार नाही. याउलट काळ्या जमिनीतील घराच्या भेगा एप्रिल-मे महिन्यात सर्वांत रुंद होतात आणि पावसाळ्यात मिटल्यासारख्या वाटतात. म्हणून या दिवसांत घर पाहणाऱ्याने शेजाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : "उन्हाळ्यात या घराच्या भिंती कशा दिसतात?"

काळी माती

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात आपल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीवर उथळ पाया घेतला तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते. सगळीकडे सारखे खचले तर फारसे बिघडत नाही. पण एका कोपऱ्याला मोरीचे पाणी मुरते आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो. मग भिंत तडकते.

म्हणून काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा असतो. मुरूम फार खोल असेल तर अभियंते वेगळी पद्धत वापरतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घालण्याची रीत विकसित केली आहे. गावाकडच्या जुन्या घरांत असे काही क्वचितच केलेले असते.

पाया तर जमिनीखाली, तो पाहायचा कसा? यासाठी एक सोपा उपाय आहे. जवळच्या विहिरीच्या काठावर उभे राहून आत पाहावे. काळी माती किती हातांपर्यंत आहे आणि मुरूम कोठे सुरू होतो, हे बांधीव नसलेल्या विहिरीत स्पष्ट दिसते. मग मालकाला आणि जमल्यास घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारावे, पाया किती खोल घेतला? दोन उत्तरे शेजारी ठेवली की पुष्कळ कळते.

माझ्या पाहण्यातील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. त्यांनी एक एकर जमीन विकून तालुक्याच्या गावी घर घेतले. व्यवहार दिवाळीत झाला. गिलावा नवा होता, रंग ताजा होता. पुढच्या मे महिन्यात दोन खोल्यांच्या भिंतींना बोट जाईल एवढे तडे गेले आणि मागचे दार लागेनासे झाले. अभियंत्याला बोलावून पाया उकरून पाहिला, तर तो तीन फुटांवर थांबलेला होता आणि खाली काळी मातीच होती. घरापासून तीस पावलांवर विहीर होती. तिच्यात मुरूम नऊ फुटांवर दिसत होता. ते घर दुरुस्त करण्याचा खर्च त्यांना झेपला नाही. आज ते कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते आणि विकलेली जमीन दुसरा कसतो आहे. व्यवहारापूर्वी अर्धा दिवस घालवला असता तर हे टळले असते.

प्रत्येक भेगेला मात्र घाबरू नये. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात, त्या केवळ वरच्या असतात. धोका ओळखण्याच्या खुणा अशा :

१. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर जाणारा तडा.

२. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा.

३. भिंतीच्या आतून व बाहेरून, एकाच जागी दिसणारा तडा.

४. एकेकाळी नीट लागणारी, आता अडकणारी दारे व खिडक्या.

५. सर्व घर जुन्या रंगाचे आणि एखादीच पट्टी नव्या रंगाची.

तडा जुना व थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे पाहण्यासाठी अभियंते त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी फुटली तर तडा चालू आहे. यासाठी काही आठवडे लागतात. मालक तयार असेल तर ही वाट पाहणे फायद्याचे ठरते.

घराला अगदी लागून मोठे झाड असेल तर तेही पाहावे. मोठे झाड उन्हाळ्यात पायाजवळच्या मातीतले पाणी शोषून घेते आणि त्या बाजूची काळी माती अधिक आकसते. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे किंवा उंबराचे रोप लहान दिसले तरी त्याची मुळी भिंत उसवते.

पाणी

घरात पाणी खालून, वरून आणि बाजूने असे तीन वाटांनी येते.

खालून येणारी ओल भिंतीवर दोन-तीन फुटांपर्यंत चढते. तेथे गिलावा भुसभुशीत होतो आणि पांढरा लोणा फुटतो. खारवट जमिनीवर पांढरा थर कसा येतो हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला सांगायला नको. जमिनीतले पाणी बारीक छिद्रांतून वर येते, उडून जाते आणि क्षार वर राहतात. भिंतीतही अगदी हेच घडते. त्यामुळे लोण्यावर नुसता रंग मारला तर एक पावसाळाही टिकत नाही. भिंतीच्या खालच्या भागाला नव्याने फरशा बसवल्या असतील, कपाट किंवा धान्याची कोठी मुद्दाम भिंतीला टेकवून ठेवली असेल, तर ती हलवून मागे पाहण्याची विनंती करावी.

वरून येणारे पाणी छपराच्या जातीप्रमाणे पाहावे. कौलारू घरात फुटकी कौले बदलणे सोपे असते, पण त्याखालच्या रिपा व वासे कुजले आहेत का, हे शिडी लावून पाहावे. पत्र्याच्या घरात हुकांभोवतीची भोके व गंज पाहावा. काँक्रीटच्या स्लॅबला खालून तांबूस डाग, पोपडे किंवा उघड्या पडलेल्या सळ्या दिसल्या, तर आतले लोखंड गंजत आहे असे समजावे. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. अभियंता हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकतो. पोकळ, बद्द आवाज आला की तेथे काँक्रीट सुटलेले असते. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून ते पन्हाळीकडे वाहते की मध्येच साचते, हे आपणही पाहू शकतो.

वरचा मजला नंतर चढवला असेल तर ते अभियंत्याला आवर्जून सांगावे. एका मजल्यापुरत्या घेतलेल्या पायावर दुसऱ्या मजल्याचे ओझे पडलेले असते.

बाजूने येणारे पाणी बहुधा रस्त्याचे असते. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता उंच होतो आणि एकेकाळी उंच असलेले जोते रस्त्याच्या खाली जाते. मग पावसाचे पाणी घरात शिरते. म्हणून जोते रस्त्यापेक्षा किती उंच आहे, हे मोजून घ्यावे.

घर नदी-ओढ्याजवळ असेल तर पुराची चौकशी करावी. सांगली-कोल्हापूरकडील लोकांनी २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कोठपर्यंत येते ते पाहिले आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा ठरवतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कोणत्या रेषेच्या आत येते, हे विचारून घ्यावे. आळीतल्या वृद्धांना विचारले तर ते भिंतीवर हात ठेवून पुराची खूण दाखवतात.

पिण्याच्या पाण्याचेही पाहावे. नळ किती दिवसांनी येतो? कूपनलिका असेल तर उन्हाळ्यात चालते का? संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान पन्नास फूट तरी दूर हवा. संडासाच्या टाकीचे पाणी शेवटी जाते कोठे, हे मालकाकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. ते उघड्या गटारात सोडलेले असेल, तर हा त्रास उद्या आपल्या दारात येणार आहे.

वाळवी

वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळते. म्हणून ती मातीची बारीक नळी बांधून भिंतीवरून वर चढते. अशा नळ्या जोत्याच्या कडेला, दाराच्या चौकटीमागे, जिन्याखाली आणि तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे शोधाव्यात. नळी दिसली तर तिचा बोटभर तुकडा मोडून ठेवावा. चार दिवसांनी तो पुन्हा बांधलेला दिसला तर वाळवी जिवंत आहे.

लाकूड बाहेरून धड दिसते आणि आतून पोकळ झालेले असते. चौकट, खांब, तुळई यांवर ठोकून आवाज ऐकावा. शंका आली तर मालकाला विचारून स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड संपले आहे. बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारे भुंगेरे आहेत. दोन्हींचे उपाय वेगळे असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरातल्या वाळवीवर शेतातली औषधे मनाने ओतू नका. पूर्वी अशा कामाला आल्ड्रिन सर्रास वापरत असत. त्यावर आता बंदी आहे. ज्या घरात लहान मुले रांगतात तेथे हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि त्याचा खर्च घराच्या भावात धरावा.

दगडमातीची घरे आणि भूकंप

मराठवाड्यात व अन्यत्रही जाड दगडी भिंतींची, माळवदाची घरे आहेत. ती उन्हाळ्यात थंड असतात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच घरांनी हजारो माणसे झोपेत गाडली. कारण असे की त्या भिंती मातीत रचलेल्या होत्या. आतली व बाहेरची अशा दोन दगडी रांगा, मध्ये चिपा भरलेल्या, आणि दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. वर माळवदाची माती. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे तीवर आणखी थर चढवलेले. धक्का बसताच भिंती फाकल्या आणि ते ओझे खाली आले. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या परिसरातही भूकंपाने घरे पडली होती.

म्हणून असे घर घ्यायचे असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. भिंतीला पोट आले आहे का, हे ओळंबा लावून पाहावे. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतवल्या आहेत की सांधा सुटला आहे, ते पाहावे. माळवदावर मातीचा थर किती जाड आहे ते मोजावे. छपराचा भार लाकडी खांबांवर आहे की भिंतीवर, ते पाहावे. किल्लारीनंतर अभियंत्यांनी अशी घरे मजबूत करण्याचे उपाय सांगितले : माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे टाके घालणे, भिंतींना चोहोबाजूंनी पट्टा बांधणे. दगडी घर वाईट असते असे मुळीच नाही. ते बांधून घट्ट करण्याचा खर्च मात्र हिशेबात धरला पाहिजे.

वीज आणि स्वयंपाकघर

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. अर्थिंग आहे का, तारा किती जुन्या आहेत, मोटर व गिझरसाठी वेगळी सोय आहे का आणि गळती झाली तर आपोआप वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे का, हे टेस्टर लावून पाहून घ्यावे. ओल्या भिंतीत जुनी तार म्हणजे जिवाशी खेळ. मीटर कुणाच्या नावावर आहे आणि थकबाकी किती आहे, याची पावती मागावी.

घर पाहायला घरधनिणीला बरोबर न्यावे. पुष्कळ घरी पुरुषमंडळी व्यवहार ठरवून येतात आणि बाईला घर दाखवतात ते वास्तुशांतीच्या दिवशी. स्वयंपाकघरात उजेड व वारा आहे का, धूर बाहेर जातो का, मोरीचे पाणी तुंबते का, पाणी किती लांबून आणावे लागेल, धान्य कोठे ठेवायचे, या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत. अभियंता एकदा येऊन जातो. तिला तर तेथे रोज राबायचे असते.

अहवाल कसा वाचावा

अहवालात "घर चांगले आहे, घेण्यास हरकत नाही" एवढेच लिहिले असेल तर तो परत करावा. चांगल्या अहवालातील वाक्य असे असते : "उत्तरेकडील खोलीच्या खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापासून तिरका तडा, रुंदी सुमारे ४ मिलिमीटर, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसतो." जागा, माप, कारण आणि उपाय या चारही गोष्टी त्यात हव्यात. तपासणीच्या वेळी आपण स्वतः त्याच्यामागे फिरावे आणि न कळलेले तेथेच विचारावे.

जुन्या घराच्या अहवालात दोषांची लांबच लांब यादी येते. ती पाहून गांगरून जाऊ नये. निर्दोष घर कोठेच नसते. यादीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात जिवाला किंवा घराच्या मूळ बांधणीला धोका असणारे दोष : खचणारा पाया, पोट आलेली भिंत, गंजून उघडा पडलेला स्लॅब. दुसऱ्यात लवकर दुरुस्त करायचे दोष : गळती, वायरिंग, वाळवी. तिसऱ्यात नुसते लक्ष ठेवायचे : बारीक भेगा, सैल फरशा.

समजा, घराचा भाव पंधरा लाख ठरला आहे आणि दुसऱ्या भागातील दुरुस्तीचा अंदाज दीड लाख निघाला. तर तो कागद मालकापुढे ठेवावा आणि शांतपणे बोलावे. एक तर भाव कमी करावा, किंवा त्याने दुरुस्ती करून द्यावी. तोंडी कुरकुर मालक ऐकत नाही. लेखी अहवालाला मात्र मान देतो. पहिल्या भागातील दोष असेल तर स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नये. पायाची दुरुस्ती खर्चाची असते आणि यश येईलच असे नसते. असे घर सोडून दिले तर गेली ती अभियंत्याची फी, आणि वाचले ते सगळे.

कागदपत्रांविषयी दोन शब्द

हा विषय वकिलाचा आहे, तरी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नगर भूमापन झालेले असेल तेथे मिळकत पत्रिका पाहावी. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन अशा पत्रिका तयार केल्या जात आहेत, तेव्हा आपल्या गावी ते काम झाले आहे का, याची चौकशी करावी. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्यावा. घर वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का, हे अवश्य पाहावे. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेच पाहिजे, साध्या कागदावरचा व्यवहार टिकत नाही.

अभियंत्याकडून एक काम मात्र करून घ्यावे. कागदावरील चतुःसीमा आणि प्रत्यक्षातील माप टेप लावून जुळवून पाहावे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत कोणती, बोळ कुणाचा, वळचणीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते, हे त्याच दिवशी शेजाऱ्यांसमक्ष विचारून घ्यावे. घराचा दोष पैशाने दुरुस्त होतो, शेजाऱ्याशी लागलेला दावा मुलांच्या वाट्याला जातो.

तेव्हा, भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की फीचे पैसे वाया जात नाहीत. मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो. घर पाहायला जाताना टॉर्च, टेप, दोरीला बांधलेला दगड, वही-पेन्सिल आणि घरातले एक वडीलधारे माणूस सोबत न्या. इसाराचे पैसे मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.

पुढील अंकात रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू. शंका असल्यास पत्र जरूर लिहावे.